हप्त्याआड दडलेला आकार

कर्ज काढून स्वयंपाकघराचं नूतनीकरण केलं. ग्रॅनाइटचा ओटा झाला, टाइल्स बसल्या आणि कर्जखात्याच्या उताऱ्यात एक ओळ दिसली : ‘इतर आकार, ४,८०० रुपये.’ कसले, ते कुणीच सांगेना. अशा वेळी गप्प बसू नका. पैसा तुमच्या घामाचा आहे.

आधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या अटी आणि आकार दाखवणारं बँकेचं माहितीपत्रक, काढा. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा नव्या कर्जांना ते बंधनकारक आहे. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

मग बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागा. त्याला शुल्क नाही.

बँकेऐवजी कंत्राटदारानं कामाची रक्कम वाढवली असेल, तर मूळ अंदाजपत्रक आणि बिल ओळीनं ताडून पाहा, लेखी खुलासा मागा. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

मात्र वाद सुरू असताना हप्ता थकवू नका, क्रेडिट स्कोअर घसरतो. हिशेब विचारणं हा तुमचा हक्क आहे. तो जरूर बजावा.