उंदराच्या मेंदूची पैमाईश

मेंदूतील तंतू परस्परांशी कसे जोडले जावेत, यात वंशपरंपरेचा वाटा किती आणि नर-मादी या भेदाचा किती, हा प्रश्न मनुष्याच्या बाबतीत विचारला, तर संगोपन, आहार आणि रूढी यांची त्यात अशी गुंतागुंत आढळते की, कोणत्याही एका कारणाचा निवाडा करणे दुरापास्त होते. म्हणूनच शास्त्रज्ञ प्रयोगशाळेतील उंदराकडे वळले. निदान 20 पिढ्या सख्ख्या भावाबहिणींतच वंश चालविला, की त्या वाणाचे सारे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकरूप होतात, आणि दोन वाण शेजारी ठेवले असता वंशाचा प्रभाव उघड दिसू लागतो.

अमेरिकेत 1921 साली सी. सी. लिटल यांनी सिद्ध केलेल्या ‘सी-57 ब्लॅक’ या वाणाच्या मेंदूचा छेद घेतला, तर दोन्ही गोलार्धांना सांधणारा, कॉर्पस कलोसम नावाचा तंतूंचा पांढरा पट्टा ठळक दिसतो; ‘बीटीबीआर’ या वाणात मात्र, उंदीर नर असो वा मादी, हा पट्टा मुळीच नसतो, आणि तरीही तो प्राणी हिंडतो, फिरतो, प्रजा वाढवितो; केवळ स्वजातीयांत मिसळण्यात तो काहीसा मागे असतो.

लिंगभेदाचा तपशील याहून सूक्ष्म आहे. वृषणे घडविणारा जनुक वाय गुणसूत्रावरून काढून अन्य गुणसूत्रावर बसविला, म्हणजे एक्सएक्स आणि एक्सवाय अशा दोन्ही प्रकारांत वृषणांचे उंदीरही मिळतात आणि अंडाशयांचेही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अशा तुलनेत बहुतेक भेदांवर अंमल संप्रेरकांचा आढळला. परंतु सेप्टम या भागातील, नरांत अधिक दाट असणारे, व्हॅसोप्रेसिन हे द्रव्य वाहणारे तंतू, जननग्रंथी समान असूनही, एक्सवाय उंदरांत एक्सएक्सपेक्षा अधिक नरसदृश निघाले. तेव्हा गुणसूत्राचा स्वतंत्र हुकूमही तेथे चालतो, हे मान्य करावे लागले.

असे असता, सिअॅटलच्या अॅलन संस्थेने 2014 साली प्रसिद्ध केलेला उंदराच्या मेंदूतील तंतुमार्गांचा विख्यात नकाशा ‘सी-57 ब्लॅक’चीच शाखा असलेल्या ‘ब्लॅक-6’ या एकाच वाणाच्या, आणि तेही केवळ नरांच्या, मेंदूंवरून काढलेला आहे. एका वतनाची पैमाईश करून तीच साऱ्या परगण्याचा दाखला म्हणून दप्तरी लावावी, तसा या नकाशाचा उपयोग झाल्यास दोष त्याचा नव्हे, वाचणाराचा होय. नराचा मेंदू अमुक आणि मादीचा तमुक, असे विधान यापुढे कानी आल्यास, ते कोणत्या वाणावरून केले, ही पृच्छा आपण अवश्य करावी.