अवयवदान : स्वत्व कोणाचे?

(मठाच्या वर्धापन-महोत्सवात केलेले भाषण)



शिष्यबंधुभगिनींनो, अवयवदानाचा विषय निघाला की दधीची ऋषींचे नाव घेतले जाते. वृत्रवधासाठी देवांनी अस्थी मागितल्या आणि ऋषींनी देह ठेवला. दृष्टांत उज्ज्वल खरा. परंतु दधीचींनी स्वमुखाने होकार दिला होता. आज रुग्णालयात ज्याचे हृदय वा यकृत मागितले जाते, त्याची वाचा बंद झालेली असते. होकार देतात ते आप्त.

आपले स्वत्व सोडून दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे, असे दानाचे लक्षण आम्ही पाठशाळेत शिकवितो. मग पतीच्या यकृतावर पत्नीचे, पुत्राच्या हृदयावर पित्याचे स्वत्व आहे काय? 'आहे' असे म्हणण्यास माझी जीभ रेटत नाही.

१९९४ च्या कायद्याने मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू हा अवयवदानापुरता मृत्यू मानला. गोवा आणि महाराष्ट्र येथे तो १९९५ पासून लागू आहे. चार वैद्यांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा परीक्षा करते. बाहुली प्रकाशाला प्रतिसाद देते का, यंत्राविना श्वास चालतो का, हे पाहिले जाते. प्रत्यारोपण करणारे वैद्य ह्या मंडळात नसतात. व्यवस्था चोख आहे. तरीही हात ऊन लागतो, छाती वरखाली होते, आणि अशा वेळी मातेने थोडक्या अवधीत निर्णय द्यावयाचा! तिने नकार दिला तर तिला अज्ञानी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु मनुष्याने जिवंतपणी लेखी संमती दिली असेल, तर दाता तोच. आप्त केवळ त्याची इच्छा पार पाडतात. त्या लेखास दोन साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक निकटचा आप्त असावा लागतो. म्हणजे घरात हा विषय काढल्यावाचून कागदही पुरा होत नाही.

अवयव काढलेला देह अंत्येष्टीस अपात्र होतो काय, असे काही वृद्ध मंडळी विचारतात. देह मुळीच हाती न लागला तर पळसाची प्रतिकृती करून तिचे दहन करावे असा पालाशविधी आहे. ज्या शास्त्राने एवढी सोय ठेविली, ते एका वृक्कासाठी उत्तरक्रिया अडवील असे मला वाटत नाही.

मला अधिक घोर लागतो तो जिवंत दात्यांचा. आपल्या देशात जिवंतपणी वृक्क देणाऱ्यांत मोठा वाटा स्त्रियांचा आहे. आई देते, पत्नी देते, बहीण देते. प्रेमाने देतात ह्यात संशय नाही; पण 'नको' म्हणण्याची मोकळीक नसेल, तर त्या देण्यास दान कसे म्हणावे? दात्री स्त्री असल्यास विशेष दक्षता घ्यावी आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळावी, असे २०१४ च्या नियमांत लिहिले आहे. ही पडताळणी रुग्णालयात होते. पण तिथे पोहोचण्यापूर्वीच माजघरात सारे ठरून गेलेले असते. तिथे सुनेला एकटीला बसवून कोण विचारतो?