राज्यशास्त्र शिकून काय मिळतं?
(खडवली येथे झालेल्या महिला मेळाव्यातील क्षेत्र समन्वयकांचे मनोगत)



आपल्या एका समूहात गेल्या बैठकीत एक अर्ज आला. बारावी पास झालेली, दोन मुलांची आई असलेली एक ताई म्हणाली, "मला बी.ए. करायचं आहे, राज्यशास्त्र घेऊन. फीसाठी अंतर्गत कर्ज द्याल का?" अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. कुणीतरी हसून म्हणालंही, "म्हशीला कर्ज दिलं तर दूध तरी मिळतं. याचं काय मिळणार?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सगळ्यांच्या बचतीचा आहे. म्हणून मी आज माझाच हिशोब सांगते.

बारावी झाल्यावर आमच्या घरी रोज कॉलेजला पाठवण्याची ऐपत नव्हती. मी दिवसा कामाला लागले आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात नाव घातलं. हे विद्यापीठ नाशिकचं, 1989 साली सुरू झालेलं. नोकरी करणाऱ्या, घर सांभाळणाऱ्या माणसांसाठीच ते काढलं. घरी पुस्तकं वाचायची, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर तासाला जायचं. टिटवाळा, आंबिवली, शहाड, कल्याण करत गाडीत उभ्यानं मी नोट्स वाचल्या आहेत. पहिल्या वर्षाची फी आईच्या बचत गटानं कर्जाऊ दिली होती. आईनं दर महिन्याला हप्ता भरला, एकही चुकवला नाही.

त्या पुस्तकात मी पहिल्यांदा 73 वी घटनादुरुस्ती वाचली. ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि पंचायतीत बायकांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. आपल्या महाराष्ट्रानं 2011 मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. पुढे वाचलं, की ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात.

मी आईला विचारलं, "आपल्या गावात महिला सभा कधी होते?" आई म्हणाली, "होते की. रजिस्टर घरी येतं, आम्ही सही करतो."

मैत्रिणींनो, पुस्तक आणि गाव यांच्यातलं अंतर मला त्या दिवशी कळलं. पुढच्या वेळी आई आणि गटातल्या बायका रजिस्टर घरी येण्याची वाट न बघता स्वतःच सभेला गेल्या. 10 टक्क्यांचं विचारलं. पहिल्या सभेत कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या सभेत आकडा वाचून दाखवला. त्यातून अंगणवाडीसाठी पाण्याची टाकी झाली. फार मोठी गोष्ट नाही, पण ती विचारल्यामुळे झाली.

आता माझी चूकही सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. बी.ए. झाल्यावर मला नेहमीच्या कॉलेजात समाजकार्य शिकायचं होतं. विद्यापीठ बदलताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, हे मला उशिरा कळलं. मी वेळेत अर्ज केला नाही आणि माझं एक वर्ष गेलं. म्हणून लक्षात ठेवा:

• प्रवेशाआधी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीची मान्यता आहे का, ते बघा. मान्यता असेल तर पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरतात.
• प्रत्येक वर्षाची मार्कशीट आणि फीची पावती एका फाईलमध्ये ठेवा.
• पुढे जिथे जायचं आहे तिथल्या कॉलेजात आधीच विचारा, कोणते कागद लागतील.
• अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खातं काढा. जसं बँकेत पैसे जमतात, तसे तिथे शिक्षणाचे गुण जमतात. मध्येच खंड पडला तरी शिकलेलं हिशोबात राहतं. दुसरीकडे प्रवेश घेताना किती क्रेडिट धरतात, ते मात्र त्या विद्यापीठाला विचारून घ्या.

बारावी राहिली असेल, तर मुक्त विद्यालयातून आधी ती पूर्ण करता येते. वय आड येत नाही.

आता त्या ताईच्या अर्जाबद्दल. कर्ज द्या असा आग्रह मी धरणार नाही, तो अधिकार समूहाचा आहे. तिची हजेरी बघा, तिची आधीची परतफेड बघा, घरच्यांशी बोला. जे म्हशीच्या कर्जाला बघतो तेच बघा. फक्त एवढं आठवा, की आपण दर बैठकीला दशसूत्री म्हणतो. त्यात बचत आणि परतफेड आहे, तसंच शिक्षण आहे आणि पंचायतराजमधला सहभागही आहे. ती ताई या दोन्ही सूत्रांसाठी एकदम कर्ज मागते आहे.

ती शिकली तर पुढच्या महिला सभेत आपल्यातली एक तरी बाई वाचून सही करेल. आणि शेजारणीला म्हणेल, "थांब, आधी काय लिहिलंय ते बघू."