नक्षी शाबूत, रबर म्हातारं



कुंभकोणमला लागूनच दारासुरम आहे. तिथल्या ऐरावतेश्वराच्या देवळाचा पुढचा मंडप रथासारखा घडवलाय. बाजूला दगडी चाक, त्याला ओढणारा घोडा. दुसऱ्या राजराज चोळाच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. दगडाला वय दिसत नाही. रबराचं तसं नसतं. ते नुसतं पडूनही म्हातारं होतं. हे मला माझ्याच व्हरांड्यात कळलं.

आधीच्या गाडीची चार अलॉय चाकं टायरांसकट मी जपून ठेवली होती. नव्या गाडीला ती बसेनात. दोन्हीकडे नट चारच, पण भोकांच्या वर्तुळाचा व्यास एकीचा १०० मिलिमीटर, दुसरीचा ११४.३. शेवटी विकायला काढली. घ्यायला आला तो यात्रेकरूंना नवग्रहांची देवळं फिरवून आणणारा ड्रायव्हर, घरी तंजावरी मराठी बोलणारा. त्यानं टायरच्या खाचेत नख घातलं आणि खूश झाला. नक्षी भरपूर होती. खाचेच्या तळाशी रबराच्या बुटक्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्याबरोबर आली, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आली, की टायर संपला. इथं ती पाळी बरीच लांब होती.

मग मी ओल्या फडक्यानं टायरची कड पुसली. तारखेचे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, आणि नेमकी ती बाजू आत गेलेली असली तर चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. लांबट चौकटीत आकडे होते १४१५. म्हणजे २०१५ सालचा चौदावा आठवडा. कडेला बोटानं दाबलं तर केसासारख्या बारीक भेगा उघडल्या. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं. इथला उन्हाळा तर तुम्हाला माहीतच आहे. दहा वर्षांनंतर नक्षी कशीही असो, टायर काढाच, असं अनेक कंपन्या स्वतःच सांगतात.

मोटारीचं एकेक चाक जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकतं. त्या चार तळहातांवर कुणाची आई, कुणाची लेकरं सूर्यनारकोविलच्या देवळाला निघालेली असतात. ते आकडे झाकून पैसे घेणं मला जमलं नसतं.

रिमा मात्र चांगल्या होत्या. पंक्चरवाल्याकडे बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून फिरवल्या; एकही डगमगली नाही, आतल्या काठाला चीर नाही. रिमांचा सौदा झाला. टायर उतरवल्यावर पंक्चरवाल्यानं माझ्यासमोर त्यांच्या कडा सुरीनं कापल्या, पुन्हा कुणाच्या गाडीला चढू नयेत म्हणून.

पैसे मोजून झाले, तरी ड्रायव्हर गाडीत बसेना. त्यानं डिकी उघडली, स्टेपनी बाहेर ओढली आणि माझ्याकडे हात पुढे केला, ‘अण्णा, ते ओलं फडकं द्या जरा.’