खुले न्यायालय आणि व्हायरल निकाल

पदवीधर मित्रहो, जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात वाद बांधाचा असो की वाटपाचा, पुकारा सगळ्यांसमोर होतो आणि कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसू शकतो. न्यायाधीशावर लोकांची नजर राहावी म्हणूनच कायद्याने ही दारे उघडी ठेवली. आता ती नजर मोबाइलमधून येते, म्हणून न्याय आणखी खुला झाला असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. न्यायाधीशाने काय ठरवले आणि कोणत्या कारणाने, हे लोकांपर्यंत पोहोचले तरच न्याय खुला होतो. नुसती गर्दी वाढून होत नाही.

19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोघांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन चालकाला त्याच दिवशी जामीन दिला. देशभर फिरली ती एकच अट, 300 शब्दांच्या निबंधाची. वाहतूक पोलिसांबरोबर काम आणि दारू सोडण्यासाठी उपचार या अटी कुणाच्या स्टेटसवर आल्या नाहीत. (त्या धरूनही तो आदेश मला ढिलाच वाटतो.) संताप उसळला, तीनच दिवसांत मुलाची रवानगी निरीक्षणगृहात झाली, आणि 25 जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवून त्याला सोडायला सांगितले. कुणी म्हणेल, हा गदारोळ नसता तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली असती का? कदाचित नसती. पण तो दबाव तपासावर होता, आणि तपास करणाऱ्या सरकारला जनतेने धारेवर धरलेच पाहिजे. न्यायाधीशाला मात्र समोरचा पुरावा आणि कायदा यांपलीकडचे काही ऐकता येत नाही. त्याची चूक वरच्या न्यायालयातच सुधारते.

मग वार्तांकनावरच बंदी घालावी का? 1964 मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या बदनामी खटल्यात, धंद्याचे नुकसान होते अशी एका साक्षीदाराने तक्रार केली, तेव्हा मुंबईत न्या. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापायला मनाई केली. या मनाईला आव्हान देणाऱ्या मिरजकर प्रकरणात 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. विरोधात गेले न्या. हिदायतुल्ला. मी त्यांच्या बाजूचा आहे. बालकाची किंवा बलात्कारपीडितेची ओळख झाकावीच, पण त्यापलीकडे दार लावले की आत काय चालले ते सांगायला फक्त अफवा उरते.

काही दारे आता उघडलीही आहेत. 27 सप्टेंबर 2022 पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांचे कामकाज घरबसल्या दिसते. सुरुवातीलाच शिवसेनेचा वाद होता. घोडेगावच्या वहिवाटीच्या दाव्याला असे भाग्य लाभणार नाही. त्याचा निकाल गावच्या ग्रुपवर आधीच लागलेला असतो. पुढची तारीख आणि आदेश ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मिळतात खरे, पण चाळीस पानांचे निकालपत्र वाचणार कोण, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून प्रत्येक निकालाला साध्या मराठीत पानभर सार जोडले जावे. तुमच्यापैकी जे वकिलीला जातील त्यांनी ही मागणी आपल्या तालुक्याच्या बारमधून जिल्हा न्यायाधीशांकडे लावून धरावी.