इंग्रजी वाक्याची घडण आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महादेवपुरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत वा इतिहास यांवर बोलावे, असा संकेत आहे. मी मात्र सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी वाक्य कसे शिकवावे, हा रुक्ष वाटणारा विषय घेऊन आपणांसमोर उभा आहे. विषय रुक्ष खरा, पण महादेवपुऱ्यातील घराघराच्या जिव्हाळ्याचा आहे. येथील कित्येक मराठी घरांत मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून त्याच्याशी मराठी बोलणे थांबविले जाते. त्याच इमारतींत पहारा देणाऱ्या आणि धुणीभांडी करणाऱ्या माणसांची मुले मात्र शेजारच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसलेली असतात. मातृभाषा ही इंग्रजीच्या वाटेवरील धोंड आहे, ही समजूत दोन्ही ठिकाणी घर करून बसली आहे. ती चुकीची आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

एक साधे वाक्य घेऊ. ‘वाघाने माणसाला मारले.’ आता शब्दांची अदलाबदल करा : ‘माणसाला वाघाने मारले.’ बोलण्यातला भर बदलला. पण मेला तो माणूसच. कारण कोणी मारले हे ‘ने’ सांगतो, कोणाला मारले हे ‘ला’ सांगतो, आणि हे प्रत्यय शब्दाला चिकटून त्याच्याबरोबर कोठेही जातात. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द मॅन’ या वाक्यातील दोन नामांची अदलाबदल करून पाहा. ‘द मॅन किल्ड द टायगर’ असे म्हणताच माणूस जिवंत राहतो आणि वाघ मरतो! मराठीत जे काम प्रत्यय करतो, ते इंग्रजीत शब्दाची जागा करते. क्रियापदाच्या आधी उभा राहील तो कर्ता, नंतर उभे राहील ते कर्म. इंग्रजी वाक्यरचनेचे निम्मे मर्म या एका गोष्टीत आहे. चिपळूणकरांच्या नावाशी जोडला गेलेला ‘वाघिणीचे दूध’ हा शब्दप्रयोग आपण सर्वांनी ऐकला आहे. ते दूध पचवावयाचे असेल तर वाघ वाक्यात कोठे उभा आहे, हे आधी पाहावयास हवे.

हे मर्म मराठी मुलाला जसे सांगता येते, तसेच त्याच्या बाकावरील कन्नड मुलालाही सांगता येते. आपण म्हणतो, ‘मी शाळेला जातो.’ कन्नड मूल म्हणते, ‘नानु शालेगे होगुत्तेने.’ शब्दाखाली शब्द ठेवून पाहा : ‘मी’ खाली ‘नानु’, ‘शाळेला’ खाली ‘शालेगे’, ‘जातो’ खाली ‘होगुत्तेने’. मराठी व कन्नड ही दोन निराळी भाषाकुळे. पण शतकानुशतके शेजारी नांदल्याने त्यांच्या वाक्यांची बैठक एकसारखी दिसते. तेलुगु, तमिळ, हिंदी यांतही क्रियापद सामान्यतः शेवटीच येते. महादेवपुऱ्याच्या वर्गात पाच घरभाषांची मुले असली, तरी इंग्रजी वाक्यापाशी अडखळण्याची त्यांची जागा बहुधा एकच असते. शिक्षकाच्या दृष्टीने ही केवढी सोय आहे!

या अडखळण्याच्या जागा मोजक्या आहेत. पहिली, क्रियापद गाळण्याची. ‘हा माझा भाऊ’ एवढे म्हटले तरी आपले वाक्य पुरे होते. कन्नडमध्ये ‘इवनु नन्न तम्म’ याला तर क्रियापद लागतच नाही. म्हणून मूल ‘धिस माय ब्रदर’ म्हणते आणि ‘इज’ विसरते. दुसरी, कर्त्याची. ‘मला भूक लागली आहे’ यात भूक लागते ती ‘मला’. कन्नडमध्येही ‘ननगे हसिवागिदे’. इंग्रजी मात्र त्या भुकेल्या माणसालाच कर्ता करते : ‘आय ॲम हंग्री.’ आणि जेथे कर्ता सापडत नाही, तेथेही ती जागा रिकामी राहू देत नाही. पाऊस पडू लागला की ‘इट’ नावाचा एक नामधारी कर्ता उभा करून ‘इट इज रेनिंग’ म्हणावे लागते. तिसरी जागा शब्दयोगी अव्ययांची. आपले ‘वर’ हे ‘मेज’ या शब्दाच्या मागून येते, इंग्रजीतील ‘ऑन’ पुढे चालतो.

चौथी जागा सर्वांत अवघड. ती प्रश्नाची व नकाराची. आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न झाला, ‘नाही’ जोडले की नकार झाला. इंग्रजीला त्यासाठी ‘डू’ हा मदतनीस बोलवावा लागतो. ‘ही प्लेज’ या वाक्याच्या नकारात मुले हटकून ‘ही डज नॉट प्लेज’ म्हणतात. त्यांना चूक म्हणून दटावण्यापेक्षा इतके सांगावे : तो शेवटचा ‘स’ खेळण्याच्या क्रियापदावरून उठला आणि मदतनिसाच्या अंगावर जाऊन बसला, म्हणून ‘डू’चा ‘डज’ झाला, एकच ‘स’ दोन ठिकाणी कसा बसेल? हे मुलाच्या घरच्या भाषेत सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. इंग्रजीतूनच सांगण्याचा हट्ट धरला, तर आख्खा तास जातो आणि मूल होते तेथेच राहते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना या ठिकाणी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ आठवली असेल. नियम मराठीत समजावून द्यावयाचा, शब्द द्यावयाचे, आणि मग मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत वाक्ये करावयास लावावयाची, ही तिची रीत. त्याच घराण्यातील दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले होते. दोन भाषा समोरासमोर ठेवून शिकण्याची परंपरा आपल्याकडे अशी जुनी आहे. या रीतीचे गुण मोठे. पण एक उणीवही होती. पाठमाला पुरी केलेला विद्यार्थी भाषांतर बिनचूक करी आणि चार वाक्ये बोलावयाची वेळ आली की गप्प बसे. नियम डोक्यात होता, जिभेवर आला नव्हता.

ही उणीव भरून काढण्याचा एक मोठा प्रयोग याच शहरात झाला, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. बंगलोरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेच्या आश्रयाने एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही साध्या शाळांत तो चालविला. जगभरच्या भाषाशिक्षकांत तो ‘बंगलोर प्रकल्प’ या नावाने ओळखला जातो, आणि त्यावरील प्रभूंचा ग्रंथ १९८७ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. तोपर्यंत एकेक वाक्यरचना पायरीपायरीने घोटून घेण्याची पद्धत रूढ होती. प्रभूंनी घोकंपट्टी बाजूला ठेवली आणि मुलांपुढे डोके चालवावयास लावणारी कामे ठेवली : हा नकाशा, हे आगगाडीचे वेळापत्रक, अमुक वेळी पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी? मन अर्थात गुंतले असता भाषेची घडण नकळत आत झिरपते, हा त्यांचा विचार. १९८५ साली ॲलन बेरेटा व ॲलन डेव्हिस यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. रचना घोटलेली मुले रचनेच्या परीक्षेत सरस ठरली. श्रुतलेखन, आकलन व संदर्भातले व्याकरण यांत साधारणपणे प्रभूंच्या वर्गांची मुले पुढे होती. परीक्षकांनी आपले निष्कर्ष सावधपणेच मांडले आहेत, आणि आपणही ते तसेच घ्यावेत.

माझ्या मते तर्खडकर आणि प्रभू हे परस्परांचे विरोधक नव्हेत. फरक मातृभाषेतून दाखवावा आणि सवय कामातून लावावी. एक उदाहरण देतो. २०२३ साली आपल्या भागात मेट्रोची जांभळी मार्गिका सुरू झाली. तिचा नकाशा मुलांपुढे पसरा. सिंगय्यनपाळ्य, गरुडाचारपाळ्य, हूडी ही स्थानके त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. आता विचारा : व्हाइटफील्डकडे जाताना हूडीच्या आधी कोणते स्थानक येते? ‘गरुडाचारपाळ्य कम्स बिफोर हूडी’ हे उत्तर देताना कर्ता पुढे येतो, क्रियापद मध्ये बसते, ‘स’ लागतो, आणि ‘बिफोर’ हा हूडीच्या पुढे जाऊन उभा राहतो. मग नकार करावयास सांगा, प्रश्न करावयास सांगा. मूल चुकले की फळ्यावर मराठी वा कन्नड वाक्य लिहून त्याखाली इंग्रजी वाक्य लिहा आणि कोणता शब्द कोठून कोठे गेला, ते बाणांनी दाखवा.

आता पुन्हा आपल्या घराकडे वळू. इंग्रजी माध्यमातील आपल्या मुलांना ही वाक्ये कानांनीच येतात. त्यांना या बाणांची गरज नाही, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. पण मग त्यांच्या इंग्रजीसाठी मराठीचा बळी देण्याचे कारणच उरले नाही! शाळेत आणि खेळाच्या मैदानात इंग्रजी त्यांना मिळतेच. पूर्ण, घडीव मराठी वाक्य मात्र घराबाहेर या गावात त्यांना कोठे मिळणार? आपण जर ‘बाळा, वॉटर पी’ म्हणत राहिलो, तर त्याला दोहोंपैकी एकाही भाषेचे धड वाक्य आपल्याकडून मिळत नाही. आजीशी त्याचे बोलणे खुंटते, ही हानी तर कोणत्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

म्हणून माझी दोन मागणी आहेत. घरी मुलांशी मराठीच बोला, आणि वाक्ये पुरी बोला. दुसरे, मंडळाने रविवारी एक तास शेजारच्या शाळांतील मुलांसाठी राखून ठेवावा, आणि तेथे शिकविण्याचे काम आपल्या नववी-दहावीच्या मुलांवर सोपवावे. ज्याला मराठी व इंग्रजी दोन्ही येते, आणि शाळेत शिकलेले थोडे कन्नडही येते, त्याच्याइतका चांगला मार्गदर्शक त्या मुलांना दुसरा मिळणार नाही. ‘मला भूक लागली’ याचे इंग्रजी शिकविताना आपल्या मुलालाही प्रथमच उमजेल, की मराठीत भूक माणसाकडे चालत येते. स्वतःच्या भाषेचे असे दर्शन परभाषेच्या आरशातच घडते.

पन्नास वर्षे या मंडळाने परमुलखात मराठी जागती ठेवली. तिच्या उजेडात शेजारच्या मुलांनाही दोन अक्षरे वाचता यावीत, ही सदिच्छा.