‘परि’ नावाची किल्ली

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीपर्यंत आपण मराठीतून शिकलो आणि अकरावी सायन्सला एकदम इंग्रजीत जाऊन पडलो. जीवशास्त्रात पेरिकार्डियम, पेरिऑस्टियम, पेरिटोनियम असे शब्द आले आणि मी घरी सांगून टाकलं, मला कॉमर्सला घाला.

त्याच आठवड्यात बर्डीवर आपल्या संस्कृतच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, “२२ उपसर्ग पाठ आहेत ना? त्यातल्या ‘परि’चा अर्थ काय?”

“सभोवती, बाई.”

“ग्रीकमधला ‘पेरि’ त्याचाच भाऊ. आता लाव अर्थ.”

लावला. हृदयाभोवतीचं आवरण, हाडाभोवतीचं, पोटातल्या अवयवांभोवतीचं. गणितातली परिमिती म्हणजेच पेरिमीटर! पाठांतराचं ओझं उतरलं. मी सायन्सलाच राहिले.

पुढे कळलं, डॉ. रघुवीर यांनी याच नागपुरात इंग्रजी उपसर्गासमोर संस्कृत उपसर्ग ठेवून हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ साली इथूनच निघाला. त्यांचे शब्द कुणाला अवघड वाटोत, किल्ली तीच होती.

आपल्यातले काही हुशार जण मात्र त्या वर्षी केवळ शब्दांना घाबरून सायन्स सोडून गेले. त्यांना बाई बर्डीवर भेटल्या नाहीत, एवढाच फरक. म्हणून शाळेला विनंती आहे: दहावीची परीक्षा संपली की मुलांना आठ दिवस बोलवा आणि अशा किल्ल्या त्यांच्या हाती द्या. शिकवायला मी येते.